रंगीत अक्षरे आणि आपला कान

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे येथे मराठी शिकविणाऱ्या आम्ही काही जणांनी वृत्तांची टिपणे एका स्थिर संकेतस्थळावर ठेवली आहेत. स्थिर म्हणजे पाने एकदा तयार करून ठेवायची. वाचकाला ती जशीच्या तशी मिळतात. आज्ञावली लिहिणारे तिच्यातील आज्ञा, आकडे, टीपा निरनिराळ्या रंगांत दाखवितात. ही 'सिंटॅक्स हायलायटिंग'ची सोय लघु-गुरूंसाठी का वापरू नये, असे आमच्या मनात आले. कल्पना अगदीच परकी नाही. जुन्या पोथ्यांत दंडांवर आणि 'उवाच'सारख्या शब्दांवर तांबडा रंग आढळतोच.

२००६ साली आलेले पिग्मेंट्स पान तयार होतानाच हे काम करते. २०१२ सालचे प्रिझम सहसा वाचकाच्या ब्राउझरमध्ये करते. दोन्ही साधने मजकुराच्या तुकड्यांना मुळात रंग देत नाहीत, नाव देतात. कोणत्या नावाला कोणता रंग, हे शैलीपत्रकात वेगळे लिहिलेले असते. व्याकरण आणि अलंकरण यांची ही फारकत आम्हांला फार आवडली.

अडचणी पुढेच होत्या. पहिली लिपीची. व्यंजन आणि त्याची मात्रा संगणकाच्या लेखी दोन चिन्हे. त्यांच्यामध्ये रंगाची सीमा पडली की मात्रा अनेकदा ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. तेव्हा पूर्ण अक्षर हेच एकक धरावे लागले.

दुसरी अडचण कानाची. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू, हा नियम साधनाला सहज शिकविता येतो. 'सत्य'मधील 'स' त्याने गुरू दाखविला, ते बरोबरच होते. पण 'तुझ्या', 'तुम्ही' यांतील 'तु'वर आघात येत नाही. तो लघूच राहतो. साधनाने तोही गुरू रंगविला. भुजंगप्रयातात प्रत्येक चरणात चार यगण, म्हणजे बारा अक्षरे, आणि आरंभ लघूने. 'तुझ्या'ने सुरू होणारा निर्दोष चरण आमच्या पानावर सदोष दिसू लागला. एका विद्यार्थिनीने कवीने वृत्तभंग केल्याचे उत्तरपत्रिकेत लिहिले. तिने चरण म्हणून पाहिला नव्हता, रंग पाहिला होता. तो दोष तिचा नव्हे, आमचा.

म्हणून आमचे मत असे, की छंदःशास्त्राला हे साधन लावावे, पण त्याने रंगविलेली प्रत्येक ओळ शिक्षकाने मोठ्याने म्हणून तपासल्यावाचून प्रसिद्ध करू नये. स्थिर पानावर दुरुस्ती एकदाच करावी लागते, पण राहिलेली चूकही तशीच टिकते. रंगाच्या जोडीला लघु-गुरूंची रूढ चिन्हेही द्यावीत, कारण वर्गात फिरणाऱ्या झेरॉक्स प्रतीत सारे रंग काळेच होतात. आणि विद्यार्थ्याला आधी बिनरंगी ओळ द्यावी. ती त्याने स्वतः म्हणावी, लघु-गुरू स्वतः मांडावेत, मगच रंगीत पान उघडावे. रंगाने त्याचे उत्तर पडताळावे. त्याच्याऐवजी ऐकू नये.