लक्ष देणे आणि लक्ष लागणे

मराठी भाषेने मुलांवर एक उपकार करून ठेवला आहे आणि आम्हां मास्तरांनी तो पायदळी तुडवला आहे. झोप लागते, भूक लागते, तसेच मराठीत लक्षही लागते. ते लागते किंवा लागत नाही. झोप लागत नाही म्हणून कोणी पोराला शिक्षा करीत नाही. पण वर्गात पाऊल टाकले की आम्ही ‘लागणे’ विसरतो आणि ‘देणे’ धरून बसतो. “लक्ष दे!” जणू ते पोराच्या मुठीतले नाणे आहे आणि तो कृपणपणाने ते सोडीत नाही!

सातवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. दंगा नाही, उलट उत्तर नाही. त्यामुळे कित्येक महिने ती मला दिसलीच नाही. दिसल्या त्या तिच्या वह्या. निबंधाचे पहिले पान असे की शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवावे. दुसऱ्या पानावर अक्षर उताराला लागलेले. तिसऱ्यावर शब्द गळालेले, आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे. मी लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. तेवढ्याने भागेना, तेव्हा राहिलेले लिहून काढण्यासाठी तिचा कवायतीचा तास बंद केला. चांगले एक सत्रभर! तिची आई एकदा शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, ही घरी येते ती दप्तर टाकून गणवेशातच झोपते. जेवायलासुद्धा उठत नाही. शाळेत एवढं काय करवून घेता?” मला हसू आले. बाकावर बसून राहण्यात दमायचे काय?

पुढे जिल्ह्याच्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी आहे असे सांगितले, तेव्हा ते हसू माझ्या घशात अडकले. डोक्यावर भरली घागर बसलेली बाई गप्पा मारीत घरी पोचते. जिच्या डोक्यावर ती बसतच नाही, तिला दोन्ही हातांनी धरून, पाऊल पाऊल मोजून चालावे लागते. पाणी दोघींचे सारखेच. पण दुसरीचे हात भरून येतात, आणि वाटेत थोडे सांडतेही. ही पोर पाच तास घागर धरून बसत होती. मी सांडलेले पाणी मोजत होतो.

आमच्या व्यवसायबंधूंचा ठेवणीतला मुद्दा असा : “रांगोळी काढताना तीन तास मान वर करीत नाही, मग गणितातच का?” हा पुरावा म्हणून मांडतात! अहो, हेच तर त्या विकाराचे लक्षण आहे. मेंदूत लक्षाचा लगाम ज्या द्रव्यांच्या आधाराने चालतो, त्यांत डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिन प्रमुख; मेथिलफेनिडेटसारखी औषधे काम करतात ती यांवरच. आवडीच्या, नव्या कामात या मुलांच्या हाती लगाम आपोआप येतो. कंटाळवाण्या कामात तो क्षणोक्षणी निसटतो, आणि काम लांबेल तशा चुका वाढतात. परवा जमलेले उदाहरण आज चुकते. आम्ही त्याला लबाडी म्हणतो.

दुसरा मुद्दा, “आमच्या वेळी असले रोग नव्हते.” जर्मनीच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टराने १८४०च्या दशकात चुळबुळ्या फिलिपची गोष्ट छापली, तेव्हा मोबाइल कुणाच्या हातात होता? १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल याने अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यांच्या बुद्धीत उणे नाही हे त्याने ओळखले. पण दोष ठेवला तो नैतिक संयमावर! अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९६८ साली मुलांची नुसती अतिचंचलता आली. लक्षाची उणीव नावात यायला १९८० उजाडले. डॉक्टरांनाच नीतीपासून लक्षापर्यंत यायला ७८ वर्षे लागली, हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. चंचलताच पाहायची ठरवल्यावर खिडकीशी गप्प बसलेल्या मुली कुणाला दिसणार?

जगभर शंभर मुलांत सुमारे ५ अशी असतात, म्हणजे साठांच्या वर्गात तीन. तरीही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. यांचे नाव नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी काढून घेतली आणि मानसिक छळालाही बंदी केली. लाल शाई मात्र आमच्याकडेच राहिली. (एकाग्रता वाढवून देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती शाळेच्याच भिंतीवर लागतात, त्यांविषयी न बोललेले बरे.)

मी मुख्याध्यापकांकडे मागितले ते एवढेच : या मुलीची तीन तासांची चाचणी तीन तुकड्यांत घेऊ द्या, मध्ये दहा मिनिटे तिला मैदानाला फेरी मारू द्या. उत्तर आले, “नियम सर्वांना सारखा.” नियम सारखा आहेच, घागरी सारख्या बसत नाहीत. प्रत्येक चुळबुळणारे पोर विकाराचे नसते, आणि औषध म्हणजे जादू नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दमलेल्याला बसू द्यावे, यासाठी डॉक्टरचा कागद कशाला हवा?

दिवाळीनंतर शाळा उघडेल. कवायतीचे तास बुधवारी आणि शनिवारी आहेत. त्या वेळी राहिलेले लिहून काढायला एकही मूल वर्गात बसवलेले दिसले, तर मी त्याला मैदानावर घेऊन जाणार, असे लेखी कळवले आहे. अद्याप उत्तर नाही.