थांबलेल्या चाकांची किंमत

जानेवारी २०२४ च्या आरंभीच ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि देशभर पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद देणारी भारतीय न्याय संहितेतील तरतूद हे त्या संतापाचे निमित्त होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा तेवढे उपकलम बाजूस ठेवण्यात आले आणि वाद निवला. चालक पळून का जातो, याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. तो रात्रंदिवस धावतो कशासाठी आणि घरी जातो केव्हा, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

याचे उत्तर त्याच्या मेहनतान्याच्या पद्धतीत आहे. लांब पल्ल्याच्या चालकाचा मूळ पगार बहुधा बेताचाच असतो. खरी मिळकत प्रत्येक खेपेमागे मिळणाऱ्या भत्त्याची आणि वाटखर्चाच्या रकमेतून काटकसरीने उरवलेल्या पैशांची. न्हावा-शेवा बंदरातून दिल्लीपर्यंतचे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. हे अंतर तोडल्यावर गोदामाच्या फाटकाशी नंबर लागण्याची वाट पाहावी लागते. माल उतरला की परतीच्या भाड्याची प्रतीक्षा सुरू होते, कारण रिकामी गाडी परत आणणे मालकास परवडत नाही. भाडे गावाच्या दिशेचे मिळेल याचीही शाश्वती नसते. सणाला घरी जावे तर खेप बुडते आणि खेप धरावी तर सण बुडतो. महिनाअखेरीस ठरलेले वेतन आणि हक्काचा रविवार मिळणाऱ्या नोकरदारास या कोंडीची कल्पना सहसा येत नाही.

गेल्या काही वर्षांत वाट सुकर झाली, हे खरे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे सीमानाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. परंतु वाचलेला वेळ चालकाच्या घराच्या वाट्याला आला नाही. तो पुढच्या खेपेत खर्ची पडला. २०१८ मध्ये तर राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत, ही अटही काढून टाकण्यात आली. मालाच्या प्रवासाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदत २०२१ पासून ई-वे बिलाने घालून दिली आहे. चालकाने किती दिवसांनी घर पाहावे, याची मुदत कोठेही लिहिलेली नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८ तास आणि साप्ताहिक सुटी ही तत्त्वे मान्य केली होती. मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायास, आणि आपल्याकडील ट्रकधंदा मुख्यतः एकदोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने ही मर्यादा पाचावरून दहावर नेली. म्हणजे संरक्षणाचे क्षेत्र आक्रसले. शिवाय टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच तो कामाच्या तासांत स्पष्टपणे धरावा, अशी जुन्या कायद्यातील व्याख्या नव्या संहितेतही आली आहे. फाटकाशी गेलेला अख्खा दिवस त्यामुळे हिशेबाबाहेर राहू शकतो.

लहान मालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. डिझेल, टोल आणि कर्जाचे हप्ते यांत तोही पिचलेला असतो. गाडी खोळंबवून ठेवणारा कारखानदार किंवा गोदामवाला मात्र या खोळंब्याची किंमत क्वचितच मोजतो. दुसऱ्याचा वेळ फुकट मिळत असेल तर तो वाचवण्याची घाई कोण करील? ‘हॉल्टिंग’ आकारण्याची रीत या धंद्यात आहे. पण ती ज्याच्या-त्याच्या वजनावर अवलंबून असते आणि चालकाचा हिस्सा तीत ठरलेला नसतो.

चालकांची अदलाबदल करून प्रत्येकाला त्याच दिवशी घरी पाठवण्याचा प्रयोग गुरुग्रामच्या रिव्हिगो या कंपनीने केला होता. हे होऊ शकते, एवढे त्याने दाखवले. २०२२ मध्ये त्या कंपनीचा एक्सप्रेस व्यवसाय महिंद्र लॉजिस्टिक्सकडे गेला. अशा व्यवस्थेला मोठे जाळे आणि मोठे भांडवल लागते. ते एका गाडीच्या मालकाजवळ नसते.

म्हणून साधा उपाय आधी करावयास हवा. फाटकाशी पोहोचल्यापासून ठरावीक तासांनंतरच्या प्रत्येक तासाचा आकार माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने द्यावा, आणि त्यातील निश्चित भाग चालकाच्या खात्यात जावा. गाडी केव्हा आली आणि केव्हा सुटली, हे आता उपग्रहाच्या साह्याने मिनिटागणिक कळते. तेव्हा मोजणार कसे, ही सबब उरलेली नाही. असे झाले तर खोळंबा आपोआप कमी होईल, तेवढ्याच मिळकतीत चार दिवस घरासाठी निघतील, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी गाडी हाकण्याची निकडही ओसरेल. केवळ शिक्षा वाढवून रस्ते निर्धोक होत नाहीत. ज्याला वेळेवर घरी जाता येते, त्याच्या हाती स्टिअरिंग अधिक सुरक्षित असते.