चौदा तासांचं अंतर

भावाने पहिल्यांदा सांगितलं, "न्यूअर्कहून मुंबई चौदा तास," तेव्हा आई म्हणाली होती, "एवढंच? मग जवळच की!"

मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. फोन केल्यावर मी हिशेब मांडला. त्याच दिवशी तिकीट मिळालं तरी विमानतळावरचे तीन-चार तास, मग साडेबारा हजार किलोमीटर, पुढे मुंबई ते धाड हा चारशेवर किलोमीटरचा रस्ता, म्हणजे आणखी आठ-नऊ तास. सगळं सुरळीत झालं तरी दीड दिवस. आम्ही थांबलो नाही. अग्नी मी दिला, त्याने मोबाइलवर पाहिला.

दहाव्याला तो आला. तेव्हा कुणीतरी बोललंच, "चौदा तासांचा तर रस्ता, आला नाही वेळेवर!"

१९४८ साली एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान कैरो, जिनिव्हा करत गेलं होतं. आता अमेरिकाही एका उड्डाणात गाठता येते. पण विमानाचे तास हे विमानतळ ते विमानतळ असतात, घर ते घर नव्हे. ते मोजून माणसाची माया मोजू नये, असं मला वाटतं.

एक गंमत त्यानेच सांगितली. जाताना सोळा तास लागतात, येताना चौदा. कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणजे घराकडे येताना वारा पाठीशी असतो.

आई आता अंतर विचारत नाही. "पोचलास का?" एवढंच विचारते.