दार उघडले, जागेचे काय?

अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने मे २०२४ मध्ये, शार्लट येथील अधिवेशनात, समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा नाकारणारा नियम ६९२ विरुद्ध ५१ मतांनी रद्द केला. हा नियम १९८४ पासून अमलात होता. तो रद्द होण्यापूर्वी, २०१९ ते २०२३ या काळात, अमेरिकेतील साडेसात हजारांवर मंडळ्या, म्हणजे एकूण मंडळ्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश, या चर्चमधून बाहेर पडल्या होत्या. एवढी मोठी किंमत मोजून जे दार उघडले, त्यातून आत येणाऱ्याला प्रत्यक्षात काय मिळते, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. शहरांतील अनेक मंडळ्या ‘सर्वांचे स्वागत’ असा फलक आधीपासूनच लावत आल्या आहेत. फलकाला खर्च थोडा येतो. स्वागताला बराच येतो, आणि तो कोणी सोसावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

या पंथाच्या आरंभीच त्याचे एक उत्तर सापडते. जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टल परिसरात खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचने देण्यास प्रारंभ केला. तेथे बांधलेल्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये असे ठरले की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांनी ती कोठून आणावी? तेव्हा सुमारे बारा-बारांचे गट पाडण्यात आले. आणि ज्याला देणे शक्य नसेल त्याची पेनी गटप्रमुखाने स्वतः भरावी, अशी सूचना पुढे आली. पैसे गोळा करण्यासाठी प्रमुख घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोणाकडे आजारपण आहे, कोण व्यसनात बुडाला आहे, हे त्यांना कळू लागले. कर्जफेडीच्या व्यवस्थेतून परस्परांच्या विचारपुशीची व्यवस्था उभी राहिली. नवख्याचा भार जुन्याने उचलावा, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते.

या तत्त्वाचा विसर पडला तेव्हा काय घडले, याचीही नोंद इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना प्रार्थना चालू असतानाच गुडघ्यांवरून उठविण्यात आले. त्यांना प्रवेश होता. ते सभासदही होते. मात्र बसावयाचे कोठे, हे दुसऱ्यांनी ठरवावयाचे होते. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी तेथून बाहेर पडले. १७९४ मध्ये बेथेल मंडळी आणि १८१६ मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. पुढे १९३९ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांचे एकीकरण झाले, तेही कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळा विभाग निर्माण करूनच. तो विभाग १९६८ च्या एकीकरणात संपुष्टात आला. प्रवेश आणि स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच यातून दिसते.

आज महानगरातील एखाद्या मंडळीत पहिल्यांदा येणारा मनुष्य कोण असतो? परगावाहून आलेला विद्यार्थी, नोकरीनिमित्त स्थलांतर केलेले कुटुंब, एकाकी वृद्धा, किंवा पूर्वीच्या मंडळीने नाकारलेले समलिंगी जोडपे. उपासनेत केव्हा उभे राहावयाचे, नंतरच्या चहाला थांबावे की निघून जावे, हे त्याला ठाऊक नसते. अज्ञानाची, संकोचाची आणि नकाराच्या भीतीची सारी किंमत एकटा नवागत भरतो. जुन्या सभासदाचे काहीच खर्च होत नाही. ही विषमता दूर करणे म्हणजे स्वागत. त्यासाठी जुन्याने आपला नेहमीचा बाक सोडावा, ओळखीच्यांचे कोंडाळे मोडावे, चौकशी न करता विचारपूस करावी. आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच नवागत मंडळीच्या हिशेबाच्या समितीवर बसलेला दिसावा. देणग्या कशा खर्चाव्यात यावर ज्याचे मत विचारले जात नाही, तो कितीही वर्षे येत राहिला तरी पाहुणाच राहतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. ज्या संस्थेला उंबरठाच नाही, तिला स्वरूप तरी काय उरणार? बाहेर पडलेल्या मंडळ्यांतील अनेकांचा विरोध द्वेषातून नव्हे, श्रद्धेतून आलेला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेस्लींच्या १७४३ च्या नियमांत या आक्षेपाचे उत्तर आहे. प्रवेशासाठी त्यांनी एकच अट ठेवली होती: पापातून सुटण्याची इच्छा. टिकून राहण्यासाठी मात्र कोणाचे अहित न करणे, शक्य तितके हित करणे आणि उपासनेचे विधी पाळणे, ही बंधने सर्वांवर सारखीच होती. दार सैल, पण आतील शिस्त कडक, अशी ती रचना होती. स्वरूप टिकते ते या समान बंधनांमुळे. त्यासाठी दाराशी मनुष्य निवडण्याची गरज नाही.

१८७१-७२ च्या सुमारास विल्यम टेलर यांच्या प्रचारकार्यातून हा पंथ मुंबईत रुजला. भारतातील मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त असल्याने शार्लटचा निर्णय येथे बंधनकारक नाही. प्रश्न मात्र येथेही परका नाही. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले आणि दार उघडले. पण मंदिराचे दार उघडल्याने गावातील पंगत आपोआप एक झाली नाही, हे महाराष्ट्र जाणतो. अमेरिकेतील मंडळ्यांपुढे आज तेच काम आहे. ठराव मतांनी संमत होतात. बाकावर सरकून जागा मात्र प्रत्येकाला स्वतः करून द्यावी लागते, आणि तीही दर रविवारी.