राखीव प्रत घराबाहेर हवी

आपल्या मंडळींच्या घरी संगणक येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. यंत्र आले की मुले त्यात खेळ भरतात, तरुण मंडळी चित्रपट भरतात आणि आईवडील लग्नाची छायाचित्रे चढवतात. सर्व काही पहिल्या आठवड्यात उरकते. त्या सगळ्याची दुसरी प्रत कुठे ठेवायची, हा विचार मात्र यंत्र बंद पडल्यावर सुचतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

माझी भाची नोकरीनिमित्त पतीसह मस्कतला राहते. त्यांनी नुकताच घरी नवा संगणक घेतला. तिने मला विचारले, "मावशी, बॅकअपसाठी काय करू? डिस्क विकत घेऊ की क्लाउडचे पैसे भरू?" मी शिक्षिका आहे, तेव्हा प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिले: "तुझ्या घरावर कोणते संकट येऊ शकते, ते आधी सांग." माझे ठाम मत असे आहे की राखीव प्रतीची पद्धत वस्तूची किंमत पाहून ठरवू नये. संकट पाहून ठरवावी. आणि ओमानसारख्या देशात हे संकट कोणते, ते इतिहासाने स्पष्ट सांगितले आहे.

ओमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते. मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो तो सुमारे १०० मिलिमीटर. आपल्या क्युरपीपच्या लोकांना हे ऐकून हसू येईल. पण त्याच मस्कतवर जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ आले. काही ठिकाणी ६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्या देशात डोंगरांतून उतरणाऱ्या कोरड्या नदीपात्रांना वादी म्हणतात. एरवी त्यांतून मोटारी जातात, मुले खेळतात. त्या दिवशी हीच पात्रे दुथडी भरून वाहिली आणि कुरुमसारख्या चांगल्या वस्तीत पाणी घुसले. सुमारे ५० माणसे दगावली. पुढे ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन हे वादळ अल बातिना किनाऱ्यावर आदळले. सुवैक, खाबूरा, सहम या गावांतल्या घरांत चिखलपाणी शिरले. खाबूरा येथे थोड्या काळात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे मस्कतला तीन वर्षांत जेवढा पडतो तेवढा.

आपण मॉरिशसचे लोक यावर बाहेरून बोलत नाही. १९६० च्या कॅरोल वादळात आपल्या आजी-आजोबांची घरे उडाली आणि त्यांच्याबरोबर पेट्यांतील कागदही गेले. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये पाण्याने ११ जणांचा बळी घेतला. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आले तेव्हा राजधानीच्या रस्त्यांवर मोटारी तरंगताना आपण पाहिल्या. मस्कत असो की पोर्ट लुई, पाणी घरात शिरले की ते टेबलावरचा संगणक आणि कपाटातली डिस्क यांत भेद करीत नाही. दोन्ही एकाच घरात असतील तर ती दोन प्रती नव्हेत, एकच प्रत आहे. हा मुद्दा लक्षात आला की निम्मे काम झाले.

आता पद्धती पाहू. पहिली पद्धत म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. ती स्वस्त पडते, प्रत झटपट होते आणि इंटरनेट लागत नाही. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि ॲपलच्या यंत्रांत टाइम मशीन ही सोय आधीच दिलेली असते. ती चालू करावयास दहा मिनिटे पुरतात. पण डिस्क कायम जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांत संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. अशा वेळी यंत्राला जोडलेली डिस्कही त्याच तडाख्यात सापडते. काम झाले की डिस्क काढावी आणि उंच जागी, कोरड्या डब्यात ठेवावी. मोटारीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये. ओमानमधील कुरियात येथे २६ जून २०१८ रोजी रात्रीचे तापमानसुद्धा ४२.६ अंशांच्या खाली उतरले नव्हते. बंद मोटारीत दुपारी काय होत असेल, याची कल्पना करा. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे भरवसा ठेवू नये. तो फायली एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यापुरता ठीक आहे.

दुसरी पद्धत क्लाउडची. क्लाउड म्हणजे आकाशातले काही नव्हे. तो कोणाच्या तरी इमारतीतला कोणाचा तरी संगणक असतो. त्याचा मोठा गुण हा की ती इमारत आपल्या घरापासून दूर असते. मस्कतच्या वादीचे पाणी तेथे पोहोचत नाही. पण दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक म्हणजे वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह फायली जुळवून ठेवतात. घरच्या संगणकावर मुलाने छायाचित्रांचा संच पुसला की तो तिकडेही पुसला जातो. काही दिवस कचरापेटीतून परत काढता येतो, नंतर नाही. फायली जुळवणे निराळे आणि त्या जपणे निराळे. दुसरी गोष्ट वेळेची. गणित करून पाहू. घरात ३०० गिगाबाइट छायाचित्रे व चित्रफिती आहेत आणि वर चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे असे धरा. पहिली पूर्ण प्रत चढण्यास अखंड सुमारे ३३ तास लागतील. वेग ५ मेगाबिट असेल तर साडेपाच दिवस लागतील. शिवाय इंटरनेटच्या तारा समुद्राच्या तळातून जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा आखाती देश आणि भारत या दोन्हींकडची दळणवळणाची गती मंदावली. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातील तारा तुटल्या. अशा दिवशी घरातली डिस्कच कामाला येते.

म्हणून डिस्क की क्लाउड हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम रूढ केला: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. शाळेतल्या मुलालाही पाठ होईल असा हा नियम आहे. पहिली प्रत संगणकात, दुसरी डिस्कवर, तिसरी दूर.

मोठ्या सरकारांनाही हा नियम मोडणे महागात पडते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी नोकरांची कागदपत्रे ठेवणारी जी-ड्राइव्ह नावाची एक व्यवस्था तेथे होती. तिच्यात सुमारे ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे प्रत ठेवता येत नाही, असे कारण दिले गेले. ज्या देशाचे तंत्रज्ञान जग विकत घेते, त्याची ही गोष्ट. मग आपण घरच्या मंडळींनी गाफील का राहावे?

आता प्रत्यक्ष मांडणीविषयी. नव्या यंत्राची प्लग-पिन आधी पाहावी. ओमानमध्ये तीन चपट्या पिनांचा, इंग्लंडसारखा प्लग चालतो, तर भारतातून आणलेल्या यंत्राच्या पिना गोल असतात. तळमजल्यावर राहत असाल तर संगणक व विजेची पट्टी जमिनीवर ठेवू नये. टेबलावरच्या मोठ्या यंत्राला बॅटरीचा आधार द्यावा, म्हणजे वीज गेली तरी फायली नीट बंद करता येतात. काही नव्या विंडोज यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिच्या किल्लीचा लांबलचक आकडा मालकाच्या खात्यात जमा होतो. तो आकडा पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घ्यावा. खात्याचा पासवर्ड विसरला, आकडाही नाही, तर आपल्याच घराबाहेर आपण उभे राहतो. यानंतर राखीव प्रतीची व्यवस्था लावावी. खेळ आणि चित्रपट त्यानंतर.

प्रत केली म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हांला एक गोष्ट घोटवून शिकवली गेली. धडा शिकवून झाला याचा अर्थ मुलाला तो आला असा होत नाही. मूल तो स्वतःच्या शब्दांत परत सांगेल तेव्हा तो आला. राखीव प्रतीचेही तसेच आहे. तिच्यातून एखादी फाइल परत काढून उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत आहे असे म्हणू नये. आपल्याकडे यासाठी चांगला दिवस आहे. दसऱ्याला आपण सरस्वतीची पूजा करतो, पाटी-पुस्तके मांडतो, हत्यारांना हळदकुंकू वाहतो. आता संगणकही पूजेत ठेवतो. त्याच दिवशी डिस्क काढावी, एक जुने छायाचित्र आणि एक ध्वनिफीत परत उघडून पाहावी. मुलांकडून हे काम करून घ्यावे. पूजेला अर्थ येईल आणि मुलांना सवय लागेल.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशासाठी? चार छायाचित्रे गेली तर गेली. मला हे मान्य नाही. आपले पूर्वज रत्नागिरीकडून, कोकणातून मुंबई बंदरावर आले आणि जहाजाने या बेटावर उतरले. ते कोणत्या गावचे होते, हे आज आपल्याला कळते ते घरच्या कागदांतून नव्हे. ते कळते सरकारी नोंदवह्यांतून, ज्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या वह्यांत आपल्या पणजोबांचे नाव सापडते आणि आपल्या घरात त्यांच्या हातची एक ओळ नसते. हे दुःख एकदा झाले तेवढे पुरे. आज आजीच्या आवाजातील झाकरीची गाणी, गणपतीतले भजन, तिने मुलांना दिलेला आशीर्वाद हे सगळे एखाद्या फोनवर किंवा एका संगणकात असते. ती आजी गेल्यावर ती गाणी त्याच चालीवर कोण म्हणणार?

तुकाराममहाराजांची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. श्रद्धेने ती कथा ऐकावी. पण त्याच परंपरेत संताजी जगनाडे यांचेही नाव येते. त्यांनी अभंग लिहून ठेवले होते आणि गावोगावच्या वारकऱ्यांच्या मुखी ते होतेच. एक वही नदीत गेली तरी अभंग नदीत गेले नाहीत, कारण ते एकाच ठिकाणी नव्हते. आपल्या वह्या इंद्रायणी वर आणून देईल, या भरवशावर मात्र कोणी राहू नये.

माझी सूचना साधी आहे. ज्यांची मुले मस्कतला, दुबईला, लंडनला आहेत, त्यांनी एकमेकांच्या डिस्क सांभाळाव्यात. मस्कतच्या घरची एक डिस्क, पासवर्डने कुलूपबंद करून, वाकोआच्या कपाटात असावी. वाकोआची एक डिस्क मस्कतला असावी. सुट्टीत येता-जाता त्यांची अदलाबदल व्हावी. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा, घरातल्या एका जबाबदार माणसापाशी ठेवावा. एक वादळ दोन्ही घरांवर एकाच वेळी येत नाही. कुटुंबे दूर पांगली म्हणून आपण हळहळतो, पण तोच दुरावा येथे उपयोगी पडतो. रोजच्या नव्या फायलींसाठी क्लाउड हवा असेल तर तोही घ्यावा. तो या डिस्कच्या जोडीला असावा, तिच्या जागी नसावा.

आपल्या मराठी मंडळांनीही एक काम हाती घ्यावे. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांची गाणी व आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या गावांत ठेवाव्यात. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन डिस्क, एक वही आणि नेमून दिलेला एक माणूस पुरे. यंत्र बिघडले तर दुसरे दुकानात मिळते. आजीचा आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही. येत्या दसऱ्यापूर्वी प्रत्येक घराने आपली तिसरी प्रत कुठे आहे, याचे उत्तर तयार ठेवावे.