ट्रेलर म्हणजे वचन नाही? मग तिकिटाचे पैसे कशाच्या भरवशावर घेता?

सिनेमाचा प्रोमो किंवा ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं वचन नाही, असं सुप्रीम कोर्टाने २२ एप्रिल २०२४ रोजी सांगितलं. ऐन लोकसभेच्या धुरळ्यात बातमी आली आणि दोन दिवसांत विरून गेली. मला ती तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं. २०१६ साली शाहरुख खानचा 'फॅन' आला. 'जबरा फॅन' हे गाणं त्याआधी कित्येक दिवस टीव्हीवर, मोबाईलवर वाजत होतं. मराठीसकट अनेक भाषांत काढलं होतं. संभाजीनगरच्या एक शिक्षिका पोरांना घेऊन थेटरात गेल्या. सिनेमा संपला, गाणं आलंच नाही! बाई ग्राहक मंचात गेल्या. जिल्ह्याने तक्रार फेटाळली, पण राज्य आयोगाने २०१७ मध्ये दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. पंधरा हजारांसाठी यशराज फिल्म्स सुप्रीम कोर्टात गेली आणि जिंकली.

तेव्हा लोक बाईंवर हसले. एका गाण्यासाठी कोर्टात जातात का म्हणे! अहो, मग पंधरा हजारांसाठी एवढी मोठी कंपनी दिल्लीपर्यंत का गेली, यावर कुणी हसलं नाही. प्रश्न पैशांचा नव्हताच. उद्या प्रत्येक प्रेक्षक विचारायला लागला तर काय, हा होता.

आता ट्रेलर कसा बनतो ते बघा. पुष्कळदा तो सिनेमाचा दिग्दर्शक कापत नाही, त्याची वेगळी टीम असते. सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीही ट्रेलर कापला जातो. नायिकेचा प्रश्न एका प्रसंगातला, नायकाचं उत्तर भलत्याच प्रसंगातलं. पार्श्वसंगीत कधीकधी सिनेमातलं नसतंच. दोन-अडीच मिनिटांत आधी हसवायचं, मग अंधार, एक सेकंद शांतता, आणि धडाम! ही कारागिरी आहे आणि तिला माझा अजिबात विरोध नाही. दुकानदार चांगला माल पुढे मांडणारच.

माझं म्हणणं एवढंच की लपवणं वेगळं आणि नसलेलं दाखवणं वेगळं. 'फॅन'नंतर दोनच आठवड्यांनी, २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. 'झिंगाट'वर नाचायला गेलेला प्रेक्षक शेवट बघून सुन्न होऊन बाहेर पडला. नागराज मंजुळेंनी फसवलं असं कुणी म्हणालं का? नाही. कारण शेवट राखून ठेवला होता, पण जे दाखवलं होतं ते सगळं पडद्यावर होतं. एवढा साधा फरक आहे.

कोर्टाचं म्हणणं असं की कलेच्या बाबतीत निर्मात्याला मोकळीक हवी. शंभर टक्के हवी! गाणं सिनेमात घाला असं मी म्हणतच नाहीये. कापा, जाळा, तुमचा सिनेमा आहे. पण ट्रेलर ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीला जाहिरातीचे नियम हवेत.

आम्हा पनवेलकरांना हे वेगळं शिकवायला नको. विमानतळाच्या नावावर इथे काय काय विकलं गेलं ते आपण बघितलंय. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल, प्रत्यक्षात पाण्याचा टँकर. म्हणून तर रेरा कायदा आला. त्याचं कलम १२ सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट बघून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. आज महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड जाहिरातीवर छापावा लागतो. ट्रेलर म्हणजे सिनेमाचा सॅम्पल फ्लॅटच की! फ्लॅट लाखांचा आणि तिकीट शेकड्यांत, हे मान्य. पण उरण, पेण, कर्जतहून चार माणसं पनवेलच्या मॉलमध्ये सिनेमाला येतात तेव्हा तिकीट, पॉपकॉर्न, रिक्षा धरून हजार-दीड हजार सहज जातात. त्या घराला ती रक्कम छोटी नसते.

अमेरिकेतही हा प्रश्न आला. 'यस्टरडे' सिनेमाच्या ट्रेलरमध्ये ॲना डी आर्मस दिसली, सिनेमात नव्हती. ३.९९ डॉलर भाडं भरून सिनेमा बघणारे दोन प्रेक्षक कोर्टात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की ट्रेलर हे व्यावसायिक विधान आहे, खोट्या जाहिरातीचा कायदा त्याला लागू शकतो. त्या दोघांच्या पदरात पुढे काय पडलं हा वेगळा विषय. निदान दार तरी उघडलं.

तुम्ही म्हणाल, प्रेक्षक मूर्ख नाही, तो धडा शिकवतोच. शिकवतो ना! ऑक्टोबर २०२२ मध्ये 'आदिपुरुष'चा टीझर आला, लोकांनी व्हीएफएक्सची एवढी टर उडवली की जानेवारीत येणारा सिनेमा जूनवर गेला. पण ही ताकद तिकीट काढायच्या आधीची. पैसे भरल्यावर आपल्या हातात काय? आणि ती ताकदही कमी होतेय. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लपवलाय. किती लोकांनी बघितलं ते दिसतं, किती जणांनी नाक मुरडलं ते दिसत नाही.

यात आमचा धंदाही सामील आहे. पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रेसनोट पडते, 'ट्रेलरने घातला धुमाकूळ'. लाँच होऊन तास झालेला नसतो! ती जशीच्या तशी बातमी म्हणून छापून येते. म्हणजे जाहिरातीची जाहिरात, तीही फुकट.

सेन्सॉरकडे बोट दाखवू नका. थेटरातल्या ट्रेलरला त्यांचं सर्टिफिकेट लागतं, पण ते दृश्य कुणी बघावं यापुरतं, ते सिनेमात आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. यूट्यूबवरचा ट्रेलर तर त्यांच्याकडे जातही नाही.

मागणी मोठी नाही. पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात इशारा येतो. त्याने कुठली कला मेली नाही. तशीच एक ओळ प्रोमोखाली टाका: 'हे गाणं सिनेमात नाही.' ट्रेलर आल्यानंतर प्रसंग कापला, तर तिकीट बुक करतो त्या पानावर सांगा. खर्च शून्य.

आणि ही ओळ टाकायला ज्याला भीती वाटते, त्याला ठाऊक आहे की आपण नक्की काय विकतोय.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडायला या, मी इथेच आहे.