निरंक

नाडीपरीक्षा : दर गुरुवारी

सरकारी कचेरीत चार दिवस काढलेल्या माणसाला ‘निरंक’ हा शब्द शिकवावा लागत नाही. वरून तक्ता येतो, भरण्याजोगं काही नसतं, मग आडवी रेघ, रेघेवर ‘निरंक’, खाली सही-शिक्का आणि चहा. माझे वडील कारकून होते. त्यांचं ‘निरंक’ इतकं वळणदार यायचं की शेजारच्या टेबलावरचे लोक आपले तक्ते त्यांच्याकडे आणून देत. तो शब्द लिहायला काही शोधावं लागतं, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

शोधून मगच लिहायचं असं ‘निरंक’ मी पुढे पाहिलं, पोलिओच्या कामात. परदेशी पैसा, परदेशी संस्था आणि आपलं सरकार यांची एका देशात मोट कशी बांधायची, याबद्दल मला जे काही कळतं ते त्या एका शब्दातून कळलेलं आहे. सध्या मदत आटत चाललीय आणि ‘समन्वय’ हा शब्द पुन्हा प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येतोय, म्हणून आज तीच गोष्ट.

पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कळवायचं, असा नियम होता. पोलिओ वाटो न वाटो, कळवायचंच. मग चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेकडे. आणि आठवडाभरात असं एकही मूल आलं नाही, तर तसंही लेखी कळवायचं. म्हणजे आपलं निरंकच. फरक एवढाच की हे निरंक परत यायचं. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी काही मुलं लुळी पडतातच. पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी अशी निघायला हवी, हे जगभर मानलेलं माप. ज्या जिल्ह्यात एकही निघत नाही तो जिल्हा निरोगी समजायचा नाही, तिथं कुणी शोधलंच नाही असं समजायचं. आपल्या प्रशासनात कोऱ्या तक्त्याबद्दल जाब विचारला जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जाब विचारणारा माणूस मोठ्या चमत्कारिक जागेवर बसलेला होता. १९९७ साली भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर’ नेमले. सगळे त्यांना एसएमओ म्हणायचे. ऐन भरात हे तीनशेच्या वर होते. बहुतेक आपलेच डॉक्टर, पगार मात्र जागतिक आरोग्य संघटनेकडून. हाताशी जीप, ड्रायव्हर, फोन. अधिकार शून्य. सरकारी दवाखान्यातल्या शिपायालाही ते पाण्याचा पेला आणायला सांगू शकत नसत. त्यांच्याकडे फक्त माहिती होती आणि ती जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवण्याची वाट होती.

ही वाट कशी चालायची ते पश्चिम उत्तर प्रदेशातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी पाहिलं. साल २००९. जगात त्या वर्षी पोलिओचे १,६०४ रुग्ण निघाले, त्यांतले ७४१ भारतात, आणि त्यातले बहुतेक याच पट्ट्यात आणि बिहारमध्ये. लसीकरण मोहिमेच्या दिवसांत रोज संध्याकाळी बैठक व्हायची. वीज नव्हती. जनरेटर होता, पण तो लशींच्या फ्रीजसाठी राखलेला, त्यामुळे बैठक गॅसबत्तीवर. दिवसभर गल्ल्या तुडवून आलेले पर्यवेक्षक सतरंजीवर बसलेले, समोर रिकाम्या कुप्यांचा ढीग. प्रत्येक कुपीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो काळवंडतो, आणि भोवतीच्या वर्तुळाच्या रंगाला पोचला की लस टाकून द्यायची. एक पोरगेला कारकून कुप्या बत्तीजवळ धरून ते चौकोन बघत होता.

घरांच्या दारांवर खडूने खुणा असत. सगळ्या मुलांना थेंब मिळाले की ‘पी’. एखादं मूल राहिलं की ‘एक्स’, आणि शेजारी कारण : मूल आजारी, मूल गावाबाहेर, नकार. संध्याकाळच्या बैठकीत फक्त ‘एक्स’ची चर्चा. एका पर्यवेक्षकाने वाचून दाखवलं, अकरा घरं राहिली, त्यांतली तीन कुलूपबंद. एसएमओ भिंतीला टेकून बसले होते. हलक्या आवाजात म्हणाले, “मास्टरजी, ती मशिदीमागची तीन ना? मी साडेअकराला तिथूनच गेलो. तिन्ही दारं उघडी होती. एका घरात तर मला पाणी दिलं.”

कुणी काही बोललं नाही. केंद्राच्या प्रभारी डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढली आणि उद्याच्या पथकात माणूस बदलला. दटावणी नाही की मेमो नाही. पण तो आकडा रात्री जिल्ह्याला जाणार आणि सकाळी डीएमसाहेब, म्हणजे जिल्हाधिकारी, बघणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मास्टरजींचाही मला राग आला नाही. गेल्या वेळी त्या तीन घरांपैकी एकातून त्यांना शिव्या खाऊन परतावं लागलं होतं, हे त्यांनीच नंतर चहा पिताना सांगितलं.

मला विचाराल तर समन्वय म्हणतात तो हा. बाहेरच्याने खरं काय ते सांगायचं, आणि हुकूम आतल्याच्याच खुर्चीवरून सुटायचा. बाहेरच्याने स्वतःची वेगळी खुर्ची मांडायची नाही.

बाकीच्यांनाही हेच पथ्य होतं. युनिसेफने त्याच गल्लीतल्या बायका दार ठोठावायला नेमल्या, कारण परक्या माणसाला दार उघडत नसे. रोटरीने टोप्या, फलक आणि मुख्य म्हणजे गावातल्या वजनदार माणसांची ऊठबस सांभाळली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया यांसारख्या संस्थांनी मौलवींशी आणि मुस्लिम वस्त्यांशी बोलण्याचं काम अंगावर घेतलं. पैशाचा मोठा वाटा भारत सरकारचा, त्यात जागतिक बँकेचं कर्जही आलं. इतके हात, पण कागद एकच. मायक्रोप्लॅन नावाचा तो हाताने काढलेला नकाशा : विहीर, मशीद, वीटभट्टी, आणि कुठल्या पथकाने कुठून कुठं जायचं याचे बाण. युनिसेफचा नकाशा वेगळा आणि रोटरीचा वेगळा, असं नव्हतं. नकाशा आरोग्य केंद्राचा, बाकीच्यांनी त्यावर आपापली माणसं मांडायची. लुळं मूल आधी हाडवैद्याकडे किंवा बिनपदवीच्या झोलाछाप डॉक्टरकडे नेतात, म्हणून तेसुद्धा खबर देणाऱ्यांच्या यादीत. सरकारी कागदावर झोलाछापाचं नाव सन्मानाने आलेलं मी तेवढंच पाहिलं.

आणि ही गोष्ट फक्त उत्तरेची नव्हती. २००१पासून मुंबईच्या गटारांचं पाणी परळच्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तपासलं जायचं. मुंबईत पोलिओने एकही मूल लुळं पडलेलं नसतानाही पाण्यात विषाणू सापडायचा, आणि त्याची जनुकीय कुंडली मांडली की घराणं उत्तर प्रदेश-बिहारचं निघायचं. तो बहुधा रेल्वेने आलेला असायचा. गटारात तो शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१०मध्ये. त्याच वर्षी देशातल्या ४२ रुग्णांपैकी ५ महाराष्ट्रातले होते, तेव्हा मालेगावच्या गल्ल्यांतही दाराच्या खुणा पुन्हा मोजाव्या लागल्या. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याची एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ला आपण जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातल्या इतर दहा देशांसह पोलिओमुक्त ठरलो.

इथवर आलं की व्यासपीठावरची मंडळी टाळ्या घेऊन खाली उतरतात. मला उतरवत नाही, कारण या गोष्टीचं बिल अजून फाटायचं आहे.

हे सगळं डोळ्यांत तेल घालून शोधणं एकाच रोगापुरतं होतं. पल्स पोलिओ १९९५च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. पुढे वर्षातून अनेक फेऱ्या, एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलं. दारोदार फिरणारी नर्सबाई मात्र तीच, आणि तिचा आठवडाही सात दिवसांचाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. १९९८-९९मध्ये महाराष्ट्रात सगळ्या लशी पूर्ण झालेली मुलं ७८ टक्के होती. २००५-०६मध्ये ती ५९ टक्क्यांच्या आत आली. त्या साली उत्तर प्रदेशात हेच प्रमाण होतं २३ टक्के. सगळं खापर पोलिओवर फोडणं बरोबर नाही, नोकरभरती थांबली होती, शहरं अस्ताव्यस्त वाढत होती. पण ज्या दारावर वर्षातून आठ वेळा खडूची खूण होते त्या घरातल्या पोराला गोवराची सुई मिळत नाही, यात काहीतरी चुकतंय हे कळायला आकडेतज्ज्ञ लागत नाही. मोहिमेतल्या त्या गल्लीत एका आजीने मला विचारलं होतं, “पोराला ताप आला तर तुम्ही लोक कुठं असता? थेंब पाजायला बरे वीस जण येता.” मी पत्रकार आहे म्हटलं तर म्हणाली, “मग तर तू अगदीच कामाचा नाहीस.”

उशिरा का होईना, तिचं म्हणणं कुणाला तरी पोचलं. सतत रुग्ण निघणारे १०७ तालुके वेगळे काढले, ६६ उत्तर प्रदेशातले आणि ४१ बिहारमधले. तिथं थेंबांच्या जोडीला पाणी, संडास, जुलाब आणि नेहमीच्या लशी यांकडेही बघायचं ठरलं. कोसीच्या पुरात दरवर्षी बेटं होणाऱ्या गावांसाठी वेगळी आखणी झाली. हे दहा वर्षं आधी झालं असतं तर, असं म्हणण्यात आता अर्थ नाही, पण म्हटल्याशिवाय राहवतही नाही.

याउलट खुर्च्या मांडून केलेला समन्वय कसा असतो, त्याचाही नमुना आहे. एड्सच्या कामात प्रत्येक देणगीदाराचा तक्ता निराळा, तपासणीस निराळे. म्हणून २००४मध्ये मोठ्या दात्यांनी ठरवलं की प्रत्येक देशात एक आराखडा, एक समन्वय यंत्रणा आणि मोजमापाची एक पद्धत असेल. पुढच्या वर्षी पॅरिसच्या जाहीरनाम्यात हीच भावना सगळ्याच मदतीसाठी लिहिली गेली. एड्ससाठी पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडाने तर देशोदेशी कार्यालयं उघडलीच नाहीत, त्याऐवजी प्रत्येक देशाने एक समन्वय समिती करायची : सरकार, स्वयंसेवी संस्था, रुग्ण, दाते, सगळे एका टेबलाशी. कल्पना चांगलीच होती. पण समितीला अर्ज पाठवता येतो, गल्लीतलं उघडं दार बघता येत नाही.

आणि मग २०२५ उजाडलं. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड या तिच्या मदत संस्थेचं दुकान बंद झालं. दक्षिण आफ्रिकेकडे बघा. एड्सच्या खर्चात अमेरिकेचा वाटा तिथं १७ टक्क्यांच्या आसपास होता. गोळ्या सरकार आपल्याच पैशाने घेत होतं. मग बिघडलं कुठं? अमेरिकेच्या पैशावर होते ते समुपदेशक, औषध सोडलेल्याला हुडकून आणणारे कार्यकर्ते, आणि संगणकात नोंदी भरणारी पोरं. फडताळात गोळ्या आहेत, पण कोण घ्यायला आला नाही हे सांगणाराच घरी गेला. एकूण खर्चात हा वाटा किरकोळ दिसतो, म्हणून तो पाहुण्याच्या खिशातून गेला तरी कुणाला काही वाटत नाही.

आपल्याकडे पोलिओचं जाळं मोडलं नाही. पुढे ते गोवर-रुबेलाला, मिशन इंद्रधनुषला आणि कोविडच्या लसीकरणालाही कामाला आलं. त्याचा खर्च हळूहळू आपल्या सरकारने उचलायचा, हेही ठरलं. उचलायलाच हवा. फक्त माझी एक शंका कुणी फेडलेली नाही. मशिदीमागची दारं उघडी होती, असं भर बैठकीत म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचा पगार त्या खोलीतल्या कुणाच्याही हातात नव्हता. उद्या तो प्रभारी डॉक्टरांच्याच वरिष्ठांच्या सहीने निघाला, बदलीही त्यांच्याच हातात गेली, तर ते तसं म्हणतील? पगार आपल्या तिजोरीतूनच यावा, पण तो आरोग्य खात्याच्या हातून येऊ नये, असं मला वाटतं. महालेखापालांची माणसं सरकारी पगारावरच सरकारचे हिशेब तपासतात ना? आरोग्यातल्या उघड्या दारांसाठी तशी काही सोय करता येणार नाही, असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी ‘कल्पना चांगली आहे’ म्हणून विषय बदलला.

मागच्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका आरोग्य केंद्रात बसलो होतो. साथरोगांचे अहवाल आता मोबाइलवर भरतात, पण सिस्टरांनी वहीही ठेवली आहे, नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून. मी चाळली. लुळेपणाच्या रकान्यात वर्षभर निरंक. बावन्नच्या बावन्न आठवडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे, आणि अक्षर वडिलांच्या तोडीचं.

“वर्षात एकही मूल आलं नाही?” मी विचारलं.

“आमच्याकडे कुठं येतात सर,” सिस्टर म्हणाल्या. “आधी त्या हाडवैद्याकडे नेतात. चौकातच बसतो तो, पिंपळाखाली.”

– नाडीकर